हाताच्या विजेचे कुलूप

आमच्या चर्चच्या सॅक्रिस्टीत एक लोखंडी तिजोरी आहे. तिच्यात सोन्यानाण्याचा साठा असेल अशी कोणा वाचकाची समजूत असल्यास ती त्याने सोडून द्यावी. तीन पिढ्यांच्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या, एक जुना चांदीचा चषक, आणि सणाचे दान सोमवारी बँकेत जाईपर्यंत, एवढेच तिचे वैभव. पूर्वी तिला किल्ली होती. आणि ती किल्ली कोठे आहे, या प्रश्नावर महिन्यातून निदान एकदा तरी सारे आवार धुंडाळावे लागे. म्हणून चार वर्षांपूर्वी पाळकीय मंडळाने ठराव करून तिला आकडे दाबून उघडण्याचे, सेलवर चालणारे कुलूप बसवून घेतले. सहा आकडे दाबले की हिरवा दिवा लागावा व मूठ फिरावी. आकडे फक्त मला ठाऊक. सर्वांना मोठी सोय वाटली.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता एक तरुण आपल्या बाप्तिस्म्याचा दाखला मागावयास आला. त्याचा विवाह दूरच्या धर्मग्रामात ठरला होता व दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गाडी गाठावयाची होती. मी आकडे दाबले. दिवा लागला, आतून बारीक चिवचिव झाली. परंतु मूठ हलेना. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी माझ्या मनात एक विचार आला, आणि तो आला तेव्हा मी त्याला अडविले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. आदल्या संध्याकाळी चर्चचे वृद्ध सेवक त्या खोलीत एकटेच होते आणि तिजोरीवरून फडके फिरवीत होते. सारे गाव त्यांना मामा म्हणते, मीही म्हणतो. चुकीचे आकडे वारंवार दाबले गेले तर असले कुलूप काही काळ रुसून बसते, असे मी ऐकले होते.

मी मामांना बोलावले व विचारले, “मामा, तुम्ही काल याचे आकडे दाबले होते का?”

“नाही, फादर.”

एवढ्यावर थांबावयास हवे होते. मी थांबलो नाही. “नीट आठवून सांगा,” असे म्हणालो. तो तरुण तेथेच उभा होता.

दुसऱ्या दिवशी शहरातून कारागीर आला. त्याने आकड्यांची पाटी बोटाने सरकविली, तिच्यामागचा चौकोनी सेल काढला, खिशातला नवा बसविला, आणि तिजोरी उघडली. या सर्वाला दोन मिनिटेही लागली नसतील. दिवा लावण्यापुरते बळ जुन्या सेलात उरले होते, खिटी सोडविण्यापुरते नव्हते. मामा मेणबत्त्यांची पेटी घेऊन दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. मी “क्षमा करा, मामा” म्हणालो, ते “असू दे, फादर” म्हणाले. परंतु त्या दिवसापासून मामा त्या खोलीत एकटे जाईनासे झाले. वेदीसाठी वस्त्रे काढावयाची असली तरी ते आवारातील एखाद्या मुलाला हाक मारून बरोबर नेत. हे ओझे मनावर घेऊनच मी या वर्षी प्रतापनगरला गेलो.

बडोद्याचे प्रतापनगर म्हणजे रेल्वेचे गाव. पश्चिम रेल्वेच्या बडोदा विभागाचे मुख्य कार्यालय येथेच आहे. जुन्या लोकांना हे स्थानक गोयागेट म्हणून आठवते, आणि गायकवाड सरकारच्या अरुंद रुळांच्या गाड्याही आठवतात. त्या रुळांची कथा मोठी गमतीची आहे. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत १८६२ साली डभोई ते मियागाम असा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग घातला गेला. परंतु त्यावरील गाड्या ओढीत असत बैल! वाफेची इंजिने तेथे नियमित धावू लागली ती १८७३ साली. आता प्रतापनगर-डभोई मार्गावर रुंद रूळ आले आहेत आणि जानेवारी २०२१ पासून त्याच मार्गाने केवडियापर्यंत गाड्या जातात. गायकवाडांच्या राजवटीत आलेली मराठी घरे बडोद्यात पिढ्यान्पिढ्या नांदत आहेत. आमचे दादा मात्र अलीकडचे. ते माझ्या थोरल्या आत्याचे चिरंजीव. रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरीस लागले, गुजराथेत ठिकठिकाणी फिरले आणि निवृत्तीनंतर प्रतापनगरलाच छोटे घर घेऊन राहिले. मला ते चारचौघांत ‘फादर’ म्हणतात, आणि घरात कोणी परके नसले की सरळ ‘अरे’ म्हणतात.

दादांना कुलपांचे वेड आहे. त्यांच्या ओसरीवरच्या कपाटात पितळेची, लोखंडाची, वाकड्या कडीची, नाना तऱ्हेची कुलुपे टांगलेली असतात. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईस लालबागेत कुलुपांचा कारखाना काढला, येथपासून दादांचे पुराण सुरू होते आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपाशी येऊन थोडे थांबते. त्या निवडणुकीसाठी त्याच कंपनीच्या विक्रोळीच्या कारखान्यात बारा लाखांहून अधिक मतपेट्या तयार झाल्या. बाहेरून वेगळे कुलूप लावावे तर खर्च परवडेना, तेव्हा कुलूप पेटीच्या आतच बसविण्याची युक्ती निघाली. “देशाचा विश्वास आतल्या कडीवर राहिला होता,” असे दादा म्हणतात. दादांना असे बोलण्याची सवय आहे.

या वेळी कपाटाजवळच्या भिंतीवर, लाकडी फळीवर, एक नवीनच कुलूप ठोकलेले दिसले. नवीन म्हणजे दादांकडे नवीन. एरवी ते जुने, सेवेतून काढून टाकलेले. दादांचा मुलगा अमेरिकेत अभियंता आहे, त्याने तेथील जुन्या सामानाच्या विक्रीतून घेऊन वडिलांसाठी आणले. एक काळी जाड तबकडी, तिच्यावर एकही आकडा नाही, रेघ नाही, खूण नाही. माथ्यावर बोटाच्या पेराएवढी काचेची खिडकी, तीही कोरी. मी विचारले, “याचा सेल कोठे असतो?” माझ्या आवाजात थोडी कडवट जिज्ञासा असावी, कारण दादांनी माझ्याकडे निरखून पाहिले.

“याला सेल नाही,” ते म्हणाले. “तूच याचा सेल. फिरव.”

मी तबकडी डावीकडे भराभर फिरविली. हाताला किंचित खडखड जाणवली, जणू आत दाणे भरडले जात होते. चार-पाच फेरे होताच त्या कोऱ्या काचेत काळे अंक उमटले! मी थांबलो. अंक थोडा वेळ टिकले आणि मावळले.

वाचकांपैकी ज्यांनी सायकलचा डायनॅमो वापरला आहे त्यांना यातील मर्म समजावयास वेळ लागणार नाही. टायरला घासून ती बाटली फिरते, आतील लोहचुंबक तारेच्या वेटोळ्यापाशी फिरू लागते, आणि त्या तारेत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे या लोहाराच्या मुलाने १८३१ साली लंडनमध्ये हा नियम शोधून काढला. पुस्तके बांधण्याचे काम शिकता शिकता जे हाती येईल ते वाचून तो शास्त्रज्ञ झाला. जुन्या टेलिफोनच्या पेटीला बाजूस एक मूठ असे. ती फिरविली की पलीकडच्या गावी घंटा वाजे. तीही हाताचीच वीज. दादांच्या कुलपात तबकडीबरोबर असेच एक इवलेसे यंत्र फिरते. त्याची वीज कपॅसिटर नावाच्या भागात क्षणभर साठते, आणि तेवढ्यावर आतील गणनयंत्र जागे होऊन काम करते. गुप्त आकडे ज्या स्मृतीत असतात तिला वीज मुळीच लागत नाही. त्यामुळे कुलूप वर्षानुवर्षे कोणी न शिवता पडून राहिले तरी ते काही विसरत नाही.

असले कुलूप का निर्माण झाले, हे दादांनी वहिनींनी आणलेला चहा निवेपर्यंत सांगितले. आकड्यांचे जुने कुलूप म्हणजे एकामागे एक बसविलेल्या तीन-चार चकत्या. प्रत्येकीला एक खाच. योग्य आकडे लागले की साऱ्या खाचा एका रेषेत येतात, वरचा दांडा त्यांत पडतो व कडी सुटते. शंभर आकड्यांच्या तबकडीवर तीन आकडे निवडावयाचे म्हणजे दहा लाख प्रकार झाले. चोर बिचारा किती प्रयत्न करील? परंतु लोखंड लोखंडाला लागते तेथे काही ना काही बोलते. सराईत बोटांना ते कळते. शिवाय मनुष्याचा आळस वेगळाच. रिचर्ड फाइनमन हा थोर पदार्थवैज्ञानिक दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील लॉस अलामोस येथे अणुबाँबच्या कामावर होता. तेथील गुप्त कागदांची कपाटे उघडून दाखविण्याचा त्याला नाद होता. एक-दोन आकडे इकडे तिकडे झाले तरी ती कुलुपे उघडत, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणजे दहा लाखांचे आठ हजारच उरले. लोक कपाट उघडे टाकून गप्पा मारीत असता तो सहज चाळा करीत शेवटचे दोन आकडे काढून ठेवी. आणि एका सहकाऱ्याने तर गणितातील एक प्रसिद्ध संख्याच, २७-१८-२८, आपल्या कपाटांना लावून ठेवली होती.

पुढे यंत्रांचे युग आले. तबकडी आपोआप फिरवून एकेक आकडा पडताळून पाहणारी साधने निघाली. तेव्हा १९८९ साली अमेरिकन सरकारने आपल्या गुप्त कागदपत्रांच्या कपाटांसाठी नवीन व कडक अटी ठरविल्या, आणि त्या अटींना उतरणारे कुलूप केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथील मास-हॅमिल्टन या कंपनीने १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पुढे आणले. एक्स-०७ असे त्याचे रूक्ष नाव. पुढे एक्स-०८, ०९, १० अशी त्याची भावंडेही आली. फिनलंडमधील औलू शहरात तर २००७ पासून असे कुलूप बनते की त्यात किल्ली खुपसण्याच्या झटक्यातच त्याची वीज तयार होते. दादांकडे आहे ते त्या थोरल्या भावंडापैकी. त्याच्या तबकडीची जागा आणि काचेतील आकडा यांचा परस्परांशी काही संबंध नाही. आज ज्या जागी ४० दिसला तेथे उद्या ७३ दिसेल. डावीकडे फिरवून पहिला आकडा आणावयाचा, उलट फिरविले की तो पक्का होतो; मग उजवीकडे दुसरा, पुन्हा डावीकडे तिसरा; आणि शेवटी उजवीकडे फिरविले की कडी मागे सरते. ती खिडकी वरच्या बाजूस असल्यामुळे समोर वाकून उभा राहणारालाच अंक दिसतात. शेजारच्याला फक्त पाठ दिसते.

दादांनी मला तिन्ही आकडे सांगून टाकले. लपविण्याजोगे त्या फळीमागे काही नव्हतेच. रात्री सर्व झोपल्यावर मी ओसरीवर गेलो आणि प्रयत्न करून पाहिला. कधी घाईने आकडा ओलांडला, कधी दिशा चुकली. पाच वेळा केले आणि पाचही वेळा फसलो. मग मुकाट्याने जाऊन निजलो.

सकाळी न्याहारीला बसलो असता दादा ओसरीवरून हसत आले. “फादर, रात्री पाच वेळा कोण झटले?”

मी चकित झालो. तेव्हा कळले की या कुलपाला आणखी एक गुण आहे. आजवर आपण किती वेळा उघडलो, याचा आकडा ते स्वतःशी ठेवते व तो कोणाला पुसता येत नाही. आणि मागच्या वेळी उघडल्यानंतर कोणी चुकीचे आकडे लावीत बसले असेल, तर तोही हिशेब मालकाच्या डोळ्यांसमोर धरते. कोण आले होते ते सांगत नाही. कितीदा, एवढेच.

दादांचा तो विनोद होता. वहिनी हसल्या, त्यांची नात हसली. परंतु सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या आणि माझे कान तापले. मी तर खरोखरच प्रयत्न केला होता, आणि तो परवानगीने. काही न केलेल्या मामांना त्या परक्या तरुणासमोर कसे वाटले असेल, याचा हिशेब माझ्या मनात त्या न्याहारीच्या पाटावर झाला.

दुपारी मी दादांना सगळी हकीकत सांगितली. शेवटी म्हणालो, “असे कुलूप आमच्याकडे असते तर बरे झाले असते. शून्य दिसले असते, आणि मामांना विचारण्याची वेळच आली नसती.”

दादा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे मामांचे ‘नाही’ पुरले नाही, कुलपाचे शून्य पुरले असते. अरे, किती वर्षे आहेत ते तुमच्याकडे?”

“एकतीस.”

“आणि कुलूप?”

मी उत्तर दिले नाही. दादांनाही ते नको होते. विषय बदलावा म्हणून की काय, ते आपल्या तरुणपणीच्या गोष्टीकडे वळले. रेल्वेच्या एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. त्यासाठी दोन्ही स्थानकांत एकमेकांस तारेने जोडलेली यंत्रे असत. त्यांतून लोखंडी गोळा निघाल्याशिवाय ड्रायव्हरला पुढे जाण्याची मुभा नसे. आणि एका बाजूने गोळा काढला की दोन्ही यंत्रांना कुलूप बसे. तो गोळा पुढच्या स्थानकाच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघतच नसे. “इकडचा मास्तर एकटा गोळा काढूच शकत नाही,” दादा सांगू लागले. “पलीकडच्या मास्तराने आपल्या यंत्राची कळ दाबून धरली तरच इकडे निघतो. दोघांनीही एकमेकांना पाहिलेले नसते बरे का! पण अपघात झालाच तर एकट्याच्या माथी दोष यायचा नाही.” आणि मग स्वतःशीच हसून म्हणाले, “त्या यंत्रांचे सेल तपासण्याचे काम माझे. म्हणून सेलवर माझा भरवसा नाही. तारीख लिहून ठेवावी आणि मेला नसला तरी वर्षाने बदलावा.” हा सल्ला ज्यांच्या घरी असले कुलूप आहे त्यांनीही ध्यानात ठेवावा. सेल बहुधा बाहेरून, आकड्यांच्या पाटीमागूनच बदलता येतो, कारागिराची गरज नसते. माझे अज्ञान मला दाखल्यापेक्षा फार महाग पडले.

दोन हातांची ही युक्ती मला अपरिचित नव्हती. गुरुविद्यालयात ती इतिहासाच्या रूपाने भेटली होती. तिसरे इनोसंट हे परमगुरू असता, ११९९ साली, त्यांनी धर्मयुद्धाच्या दानासाठी प्रत्येक चर्चमध्ये पेटी ठेवावयास सांगितली आणि तिला तीन किल्ल्या लावावयास लावल्या. एक महागुरुस्वामींकडे, एक त्या चर्चच्या धर्मगुरूकडे आणि एक कोणा भाविक प्रापंचिकाकडे. १९१७ च्या धर्मसंहितेतही महागुरूंच्या गुप्त दफ्तराला दोन निरनिराळ्या किल्ल्या सांगितल्या होत्या, आणि त्या दोघांनी वेगवेगळ्या ठेवावयाच्या होत्या. विद्यार्थी असताना मला वाटे की हे सारे अविश्वासाचे नियम आहेत. दादांचे बोलणे ऐकताना ते निराळे दिसू लागले. गंमत अशी की त्या अमेरिकन कुलपातही तशी सोय आहे: दोन माणसांचे दोन वेगळे आकडे एकापाठोपाठ लागल्याशिवाय उघडणार नाही, असे ते ठरविता येते. आठशे वर्षांत युक्ती बदललेली नाही, फक्त किल्लीचे आकडे झाले.

निघताना दादा म्हणाले, “हवे तर ने हे कुलूप.” मी नको म्हणालो. ते बसवावयास नेमके दार हवे, जाणता कारागीर हवा. आणि इतके करूनही आतील गणनयंत्र बिघडले तर भोक पाडण्यावाचून गत्यंतर नाही. नोंदवह्या आणि एक चषक यांसाठी हा डामडौल कशाला? गावच्या चर्चला वर्षाला एक सेल पुरे.

परत आल्यावर मी आमच्या कुलपाबरोबर मिळालेली पुस्तिका शोधून काढली. मालकाच्या आकड्यांखेरीज दुसऱ्या एका माणसाला स्वतःचे आकडे देण्याची तीत सोय होती. चार वर्षे ती कोणी वाचली नव्हती. पाळकीय मंडळाच्या सभेत मी विषय मांडला, आणि त्या पावसाळ्यातील प्रसंगही सर्वांसमोर सांगितला, कारण तो एका परक्यासमोर घडला होता. मामा दाराजवळच्या बाकावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सानंतर मी त्यांना सॅक्रिस्टीत नेले आणि म्हणालो, “मामा, यात तुमचे आकडे घाला.”

“माझे वय झाले, फादर. लक्षात राहायचे नाहीत.”

“मग लक्षात राहतील असे घाला. मला सांगू नका.”

मी माझे आकडे दाबून पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे सारे केले आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग एक चिवचिव झाली, थोड्या वेळाने दुसरी. मामा एकेक आकडा जपून दाबीत होते. सहा वेळा ऐकली. पडताळ्यासाठी पुन्हा सहा वेळा.

गेल्या रविवारी पहिल्या मिस्सापूर्वी मी सॅक्रिस्टीकडे गेलो तेव्हा आत दिवा होता आणि तिजोरी उघडी होती. मामा चषक पुशीत होते. नेहमीचा मुलगा आलेला होता. परंतु तो दाराबाहेर पायरीवर बसून चिंचोके मोजीत होता.